शववाहिनीचा करार

"शववाहिनीला आत कोण झोपलंय हे माहीत असायची काही गरज नाही," ओतसिले म्हणाला, आणि बैठकीतले सगळे खो खो हसले.

हसणाऱ्यांमध्ये शवपेट्यांच्या विभागाचे रा मोखोसी सगळ्यात मोठ्याने हसत होते; इकडे पुरुषाला मानाने 'रा' म्हणतात, बाईला 'म्मा'. डोळे पुसत ते म्हणाले, "म्हणजे मी पेटी द्यायची, आणि तिच्यात माणूस ठेवतायत की कोबी, ते विचारायचं नाही?"

"लांबी विचारा, रा. कोबीची लांबी वेगळी येईल."

पुन्हा हशा. राजधानीतल्या, गाबोरोनच्या, 'दित्सेले आणि मुले' या अंत्यविधी कंपनीत असले विनोद रोजचेच होते. खाली शवागार, मागे पेट्यांचा कारखाना, बाजूला तंबू-खुर्च्यांचं गोदाम आणि आवारात ओळीने उभ्या पांढऱ्या गाड्या, अशा जागी बारा महिने गंभीर राहून कुणाचं पोट भरत नाही. ओतसिले सेरुमोला हा तिथल्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होता. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे सांगायला हवं. कंपनीचा जुना प्रोग्राम म्हणजे सगळा एकच गोळा होता. पेटीची किंमत बदलायला जावं तर शवागारातल्या कॉम्प्युटरचा पडदा काळा पडायचा. मागच्या ईस्टरला कुणीतरी खुर्च्यांच्या भाड्यात हात घातला आणि अर्धा दिवस एकही गाडी आवाराबाहेर पडली नाही. गावोगावी लोक मृतदेहाची वाट बघत बसले होते आणि इकडे हा विभाग त्या विभागाकडे बोट दाखवत होता. ओतसिले जोहान्सबर्गला एका परिषदेला गेला आणि येताना या रोगावर औषध घेऊन आला. गोळा फोडायचा. प्रत्येक विभागाचं काम ही एक स्वतंत्र सेवा. प्रत्येक सेवेचा एक छोटा करार: मला एवढंच विचारा, मी एवढंच उत्तर देईन. गाडीच्या सेवेने सभासदांच्या सेवेला फक्त 'घर कुठे' एवढं विचारायचं. उत्तर आलं की निघायचं. बाकी कुणी कुणाच्या चुलीत डोकावायचं नाही.

"घर म्हणजे कुठलं घर?" गाओनेने विचारलं.

गाओने सभासदांच्या, म्हणजे अंत्यविधीसाठी महिन्याला वर्गणी भरणाऱ्यांच्या, नोंदी सांभाळायची. जिभेला धार होती, म्हणून बैठकीत तिला कोपऱ्यातली खुर्ची मिळायची. पण प्रश्न बरोबर होता. इथल्या माणसाला घरं असतात तरी किती! शहरात भाड्याची खोली, गावात घर, शेतावर झोपडी, गुरांच्या ठाण्यावर आणखी एक. मेल्यावर जायचं मात्र गावच्याच घरी. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तिथे पोहोचायचं, शेवटची रात्र त्या घरात काढायची आणि शनिवारी उजाडता उजाडता मातीत जायचं. यात चूक झाली तर तीन पिढ्या बोल लावतात.

"गावचं घर," ओतसिले म्हणाला. "पुरुषाचं त्याच्या बापाचं गाव. लग्न न झालेल्या मुलीचंही तेच. लग्न झालेल्या बाईचं नवऱ्याचं. सरकारच्या विवाहनोंदीवरून आपोआप लागेल, पुन्हा पुन्हा टाइप करायला नको. एका घराची एकच नोंद."

हा नियम लिहिताना त्याने कुणाला विचारलं नव्हतं. पाणी ओलं असतं का, हे कोण विचारतं? लग्नात मुलीच्या माहेरी गुरं गेली की मुलगी त्या घरची झाली, तिची मुलं त्या घरची आणि तिची कबरही त्या घरची. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या अंगातच होतं.

"आणि ज्या परत माहेरी आल्या, त्यांचं?"

"अशा कितीशा असणार, म्मा?"

"एक तुझ्यासमोर बसलीय," गाओने म्हणाली. कुणीतरी खोकलं. ती नवऱ्याचं घर सोडून आल्याला बरीच वर्षं झाली होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

ओतसिले हसला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "अपवादांसाठी करार फुगवायचा नसतो. अपवाद हातानं निस्तरू. गाडी निघायच्या आधी घरच्यांना फोन जातोच की. चुकलं असेल तर तिथे कळेल."

"आणि फोन बंद झाला तर?"

"फोन कशाला बंद होईल?"

गाओनेने वहीवर काहीतरी रेघोट्या ओढल्या. नियम मंजूर झाला.

ओतसिलेची आई त्या वर्षी त्याच्याकडेच राहायला आली होती. तिची मूत्रपिंडं दमली होती. आठवड्यातून तीनदा दवाखाना. शेजारीपाजारी तिला म्मा-ओतसिले म्हणायचे, पहिल्या मुलाच्या नावावरून, सगळ्यांनाच म्हणतात तसं. केनेइल्वे हे तिचं स्वतःचं नाव आता फक्त तिच्या बहिणींच्या आणि भावाच्या, पिट्सोमामाच्या, तोंडी उरलं होतं. तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नसे. का होत नसे हे ओतसिलेला पाचव्या वर्षापासून माहीत होतं, कारण तो तेव्हा त्याच खोलीत होता. त्यानंतर काही दिवसांनी तिने त्याचं बोट धरून बोबोनोंगहून बस पकडली होती आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, कान्येला, माहेरी आली होती. पुन्हा तिकडे फिरकली नाही.

पण लग्न मोडलं नाही. मोडायचं तर गावच्या पंचायतीपुढे जावं लागलं असतं, तिथे गुरं परत द्यायचा प्रश्न निघाला असता, आणि तिच्या लग्नात आलेली गुरं पिट्सोमामाने स्वतःच्या लग्नात कधीच पुढे देऊन टाकली होती. बहिणीच्या गुरांवर भावाची बायको येते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून म्मा-ओतसिले भावाला जड नको म्हणून गप्प राहिली, भाऊ बहिणीच्या उपकाराखाली गप्प राहिला, आणि कागदावर ती बोबोनोंगच्या सेरुमोलांची सूनच राहिली.

एका रविवारी तो तिला ज्वारीची पेज भरवत होता. तिने मध्येच त्याचा हात धरला.

"मला कान्येलाच न्यायचं हं."

"आई, आत्ता काय त्याचं?"

"आत्ताच सांगते. नंतर मला बोलता येणार नाही." थोडी थांबून ती म्हणाली, "त्या घरातून मी माझ्या पायांनी बाहेर आलेय. आडवी होऊन आत जायची नाही मी. ऐकतोयस ना?"

"अगं, मी त्या कंपनीचाच माणूस आहे. तुला दुसरीकडे कोण नेईल?"

ती हसली आणि तिने पुढचा घास घेतला. मुलगा एवढ्या मोठ्या कंपनीत आहे याचा तिला फार अभिमान होता. दवाखान्यातल्या नर्सना ती सांगायची, "माझ्या मुलाच्या हातात सगळ्या गाड्या आहेत."

सेवा सुरू झाल्या आणि खरंच चालल्या. पेटीची किंमत बदलली तरी गाड्या निघत होत्या. मालकाचा धाकटा मुलगा मोपाती दित्सेले ओतसिलेला सगळ्यांसमोर मिठी मारून म्हणाला, "तू आपली हाडं सांध्यासांध्यावर मोकळी केलीस, गड्या." ओतसिलेला ते कौतुक वाटलं. या माणसाचा डोळा सांध्यांवर का आहे, हे त्याला कळायला पाऊसकाळ उलटावा लागला. गाड्यांची सेवा आता आपल्या पायावर उभी होती, करार स्वच्छ होता, म्हणून मोपातीने गाड्या ड्रायव्हरांसकट ट्लोक्वेंगच्या एका मालवाहतूकवाल्याला देऊन टाकल्या. त्याचा धंदा गोठवलेल्या कोंबड्यांचा. थंड गाड्या त्याच्याकडे होत्याच.

"करार तोच राहणार ना?" ओतसिलेने विचारलं.

"अगदी तोच. तूच लिहिलेला. एक अक्षर बदललेलं नाही."

ते खरंच होतं. अक्षर बदललं नव्हतं. फक्त गाडी निघायच्या आधी घरी होणारा तो फोन कुठल्याच अक्षरात नव्हता. तो गाड्यांच्या विभागातल्या बाया सवयीने करायच्या, आणि त्या बायांना आता घरी पाठवलं होतं.

गाओने त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "फोन गेला, ओतसिले."

"माहितीये. करारात एक प्रश्न वाढवू. 'घरच्यांनी घराची खात्री केली का', हो किंवा नाही."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात. आत्ता नवीन माणसं आहेत, लगेच करार बदलला तर मोपाती म्हणेल, हाच का तुझा पक्का करार?"

पुढचा महिना आला आणि गेला. त्याला वेळ नव्हता असं नाही. आपण लिहिलेल्या गोष्टीत खोट निघाली हे आपल्याच तोंडाने सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं, एवढंच.

आई मंगळवारी गेली. फार हाल झाले नाहीत.

ओतसिलेने दवाखान्याच्या पायरीवर बसून फोनवरच गाडी मागवली. सभासद क्रमांक आणि शनिवारची तारीख, बास. घर कुठलं हे पडद्याने विचारलंच नाही. त्यानेच तसं ठेवलं होतं. शोकातल्या माणसाला नको ते प्रश्न विचारून छळू नये, असं तेव्हा त्याने स्वतः सांगितलं होतं आणि म्हातारे मालक त्यावर गहिवरले होते. जुन्या प्रोग्राममध्ये आईच्या नावापुढे 'कान्ये' असं त्याने स्वतःच्या बोटांनी भरलेलं होतं. नवा नियम त्यावरून कधीच फिरून गेला होता, हे त्या घडीला त्याच्या मनातही आलं नाही.

गुरुवारी तो कान्येला गेला. खड्डा खणायला माणसं, तंबू, जेवणासाठी कापायचा बैल, पाण्याची टाकी, पाद्री, सगळं बघायला. मावश्या आणि मामेबहिणी शुक्रवारी सकाळी शवागारात जाऊन तिला नेसवणार, तिथे प्रार्थना म्हणणार आणि गाडीबरोबर येणार, असं ठरलं होतं. गाबोरोनहून कान्ये म्हणजे काही लांब नाही. दुपारच्या जेवणापर्यंत सगळी मंडळी अंगणात असती.

शुक्रवारी सकाळी तो बैलाच्या व्यवस्थेत असताना थोरल्या मावशीचा फोन आला.

"अरे, तिला घेऊन गेले की! पहाटेच नेलं म्हणतात. आम्हाला न सांगता? नेसवायचं राहिलं, ओतसिले. माझ्या हातात साडेतीन वाराचं कापड आहे, मी काय करू त्याचं?"

"घाई झाली असेल, मावशी. येईलच आता इकडे. तुम्ही निघा."

पण गाडी आली नाही. पहाटे निघालेली गाडी एव्हाना दोनदा येऊन गेली असती. त्याने ट्लोक्वेंगला फोन लावला. एका मुलीने गोड आवाजात उचलला.

"गाडी वेळेवर आहे, रा."

"आहे कुठे?"

"ते आमच्या पडद्यावर येत नाही. वेळेवर आहे एवढंच येतं."

"बरं, चाललीय कुठे?"

"घरी, रा."

"कुणाच्या घरी, म्मा? मी घरीच उभा आहे!"

"रा, माझ्यावर ओरडू नका. घर कुठलं ते तुमची सभासदांची सेवा सांगते. आम्ही फक्त नेतो. आत कोण आहे हेसुद्धा आम्हाला कळत नाही."

त्याने गाओनेला फोन केला. तिने क्रमांक विचारला, बटणं दाबल्याचा आवाज आला, मग तीच बटणं पुन्हा दाबल्याचा.

"गाओने?"

"बोबोनोंग लागलंय, ओतसिले."

ती एवढंच म्हणाली. मी सांगितलं होतं, असं ती म्हणेल म्हणून तो वाट बघत होता. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "थांब, मी गाडी थांबवायचं बघते," आणि थोड्या वेळाने तिचाच फोन आला. गाडी थांबत नव्हती. ट्लोक्वेंगवाले म्हणत होते, परत फिरवायची विनंती तुमच्या सेवेकडून आली पाहिजे. आणि सेवेत तशी विनंतीच नव्हती. निघालेली शववाहिनी परत बोलावणं हे ओतसिलेने करारात ठेवलंच नव्हतं. प्रेताची गाडी अर्ध्या वाटेतून मागे कोण बोलावतं? बोलावू नये, असंच लहानपणापासून ऐकलेलं. ड्रायव्हरचा फोन बंद होता, कारण गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा हा मालवाहतूकवाल्याचा नियम होता, आणि चांगला नियम होता.

मोपातीला लावला. तो बैठकीत होता. "गड्या, फार वाईट झालं. पण तांत्रिक बाबतीत तूच प्रमुख, मी तुला काय सांगणार?"

पिट्सोमामा काठी टेकत जवळ आला. "काय झालं रे?"

ओतसिलेने सांगितलं. म्हातारा बैलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी काढ."

देश उभा कापत ते निघाले. मामा शेजारी, मागच्या सीटवर वाटेत गाडीत घेतलेली मावशी, तिच्या मांडीवर ते कापड. मावशी आधी रडली, मग तिने ड्रायव्हरला शिव्या घातल्या, मग कंपनीला, मग ट्लोक्वेंगच्या अख्ख्या गावाला. ओतसिलेला कुणी शिव्या घातल्या नाहीत. त्याने नेमकं काय केलं होतं हे त्या दोघांना कळलंच नव्हतं. कॉम्प्युटरची चूक झाली, एवढंच त्यांच्या लेखी. त्यानेही समजावून सांगितलं नाही. महालाप्येच्या पुढे पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्याचा फोन वाजला. कंपनीचा संदेश होता. शब्द त्याने स्वतः निवडलेले होते, त्यावर एक अख्खी दुपार घालवली होती: 'आपले प्रियजन घरी सुखरूप पोहोचले आहेत.'

"कुणाचा फोन?" मामाने विचारलं.

"पोहोचली ती," ओतसिले म्हणाला.

ते बोबोनोंगला आले तेव्हा ऊन कललं होतं. सेरुमोलांच्या अंगणात चूल पेटलेली होती. बायकांनी गाणी धरली होती. बैल कापून झाला होता आणि मोठ्या कढयांत मांस शिजत होतं. दुपारी अचानक दारात आलेल्या सुनेसाठी या माणसांनी एवढं सगळं उभं केलं होतं, आणि मनापासून केलं होतं. ते बघूनच मामाची चाल मंदावली. पुरुष गोठ्याच्या कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसले होते. मधोमध ब्लँकेट पांघरून बसलेला वाळका म्हातारा म्हणजे ओतसिलेचा बाप. बोलायचं काम मात्र थोरल्या काकाचं होतं, मोलाओकाकाचं.

नमस्कार झाले, तब्येती विचारून झाल्या, पाणी दिलं गेलं. त्याशिवाय बोलता येत नाही, घर जळत असलं तरी.

मग पिट्सोमामा म्हणाला, "रा, चूक झालीय. गाडी चुकून इकडे आली. आम्ही आमची बहीण न्यायला आलोय."

"चूक?" मोलाओकाका शांतपणे म्हणाला. "ड्रायव्हरला मी स्वतः विचारलं. म्हटलं, बाबा, हे कुणाचं आणलंस? पेटीवरची चिठ्ठी वाचून म्हणाला, केनेइल्वे सेरुमोला, घर बोबोनोंग. सेरुमोलांची सून सेरुमोलांच्या घरी आली. यात चूक कुठली ते दाखवा."

"ती इथे राहत नव्हती."

"राहत नव्हती हे खरं. आमची नव्हती हे खोटं." काका पुढे वाकला. "तुमची बहीण म्हणता ना, रा? मग आमची गुरं कुठे आहेत?"

मामाने काठी जमिनीत रुतवली. "तेव्हा मी तरुण होतो..."

"तरुण होतात, बायको केलीत, मुलं झाली, नातवंडं झाली. आनंद आहे. पण गुरं परत आली नाहीत. मला मोजायची नाहीत हो ती. फक्त सांगा, परत आली का?"

"नाही."

"मोठ्याने सांगा. मागच्यांना ऐकू येत नाही."

"नाही आली!" मामा ओरडला आणि त्याचा आवाज फाटला.

ओतसिले उठला. "काका, तिची इच्छा नव्हती. तिने मला सांगितलं होतं. या घरात आडवी होऊन येणार नाही, असं म्हणाली होती ती."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बापानेही मान वर केली. मोलाओकाका म्हणाला, "बस बाळ. तुझी आई गेलीय, तुला बोलायचा हक्क आहे. पण मला सांग, ती कंपनी तुझीच ना?"

"मी तिथे काम करतो."

"मग तुझ्याच कंपनीने सांगितलं, घर बोबोनोंग. आणि आता तू सांगतोस, घर कान्ये. आम्ही कुठल्या ओतसिलेचं ऐकायचं?"

पोलीस, कोर्ट, मनाई हुकूम असलं सगळं त्याच्या डोक्यातून धावून गेलं. मामाने त्याची बाही ओढली. "पुरे. तिला घरात ठेवलंय. एकदा घरात ठेवलं की तिथून एकाच ठिकाणी नेतात. दोन बाजूंनी ओढली तर लोक तिची शोभा बघतील, आपली नाही." म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "मी तेव्हाच चार गुरं कुठून तरी उभी केली असती ना रे, तर..."

ओतसिले आत गेला. सासरच्या बायकांनी तिला चांगलं नेसवलं होतं, नवं ब्लँकेट पांघरलं होतं. डाव्या बाजूला ते उंच झालं होतं. तो कोपर कुणालाच सरळ करता आला नव्हता. मावशीने हातातलं कापड कुणालाही न विचारता तिच्या पायांवर पसरलं आणि खाली बसकण मारली. ओतसिले तिच्याजवळ बसला. त्याला आईची माफी मागायची होती, पण खोली अनोळखी बायकांनी भरलेली होती. त्या त्याला प्रेमाने 'आमचा मुलगा' म्हणत होत्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. जन्मात इतका राग त्याला कधी आला नव्हता आणि तो काढायला समोर एकही वाईट माणूस नव्हता.

शनिवारी उजाडताना तिला पुरलं. सेरुमोलांच्या सगळ्या पिढ्या जिथे होत्या तिथेच, एका रांगेत, नवऱ्यासाठी शेजारची जागा मोकळी सोडून. पाद्री तिला पतिव्रता म्हणाला. माती ढकलायला पुरुष पुढे झाले, फावडी हातोहात फिरू लागली.

बाप काठी टेकत ओतसिलेजवळ येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत हे दोघे पहिल्यांदाच एवढ्या जवळ उभे होते. म्हाताऱ्याच्या अंगाला तंबाखूचा आणि धुराचा वास येत होता.

"किती वेळा माणसं धाडली होती तिच्यासाठी," तो खड्ड्याकडे बघत म्हणाला. "काका गेला, आत्या गेली. आली नाही. माझी आई मरताना तिचं नाव घेत होती, तरी आली नाही. आणि काल दुपारी बघतो तर दारात. कुणी पाठवलं रे तिला? त्या माणसाला भेटायचंय मला."

"मी," ओतसिले म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वळवली.

"तो नियम मी लिहिला. लग्न झालेल्या बाईचं घर ते नवऱ्याचं. मीच लिहिला, रा. मला सांगितलं होतं की चुकीचं आहे. मी ऐकलं नाही. माझ्यामुळे ती इथे आली." दात आवळून तो शब्द बाहेर ढकलत होता. हे ऐकून समोरचा माणूस निदान चिडेल, निदान आपण शत्रू आहोत हे तरी त्याला कळेल, असं त्याला वाटत होतं.

बापाने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात मुलाच्या मानेवर ठेवला, घट्ट, सगळ्यांना दिसेल असा.

"ऐका रे!" तो फावडी मारणाऱ्यांना म्हणाला. "यानेच आणली तिला घरी. ती घेऊन पळाली तेव्हा एवढासा होता. पण विसरला नाही. शेवटी माझाच मुलगा."

पुरुषांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं. पलीकडे उभा असलेला पिट्सोमामा ओतसिलेकडे बघत होता, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्या म्हाताऱ्या डोळ्यांत समज उतरत होती. चुलतभावाने फावडं पुढे केलं. मागे रांग थांबली होती. ओतसिलेने ते घेतलं आणि आईवर माती लोटायला सुरुवात केली.